‘रोख किंवा वस्तुरूप’: पेड न्यूजच्या व्याख्येची पार्श्वभूमी

2009च्या ऑक्टोबरात, विधानसभेचे मतदान तोंडावर आलेले असताना, तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे गुणगान करणारा एक लेख एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दाशब्दाने सारखाच छापून आला. पानेच्या पाने रंगीत, नेत्याच्या नावाचे ‘पर्व’ सुरू, आणि ‘जाहिरात’ हा शब्द कोपऱ्यातही नाही. निवडणूक खर्चाच्या हिशेबात या उमेदवाराने वृत्तपत्रांतल्या जाहिरातींपोटी रक्कम दाखवली ती 5,379 रुपये. एका इंग्रजी दैनिकातल्या पत्रकाराने ती पाने आणि हा आकडा शेजारी शेजारी ठेवले, आणि गोष्ट दिल्लीपर्यंत गेली.

पैसे घेऊन बातमीच्या रूपात छापलेल्या अशा मजकुराला दिल्लीत ‘पेड न्यूज’ म्हणू लागले. जिल्ह्याच्या गावी आधीपासून दोन शब्द होते. पत्रकार परिषदेनंतर हातात पडते ते पाकीट, आणि निवडणुकीत वृत्तपत्राच्या कार्यालयातून ठरते ते पॅकेज. पाकीट बातमीदाराचे, पॅकेज मालकाचे. या दोहोंतला फरक ‘पेड न्यूज’ या एका शब्दात पुसला गेला, आणि पुढचा बराचसा गोंधळ तिथूनच सुरू झाला.

पॅकेजची वाट काही एका निवडणुकीत तयार झालेली नव्हती. देशातल्या सर्वांत मोठ्या वृत्तपत्रसमूहाने 2003मध्ये पुरवणीतली जागा पैसे घेऊन मजकुरासाठी देण्याची रीतसर व्यवस्था उभी केली. दोन वर्षांनी त्याच समूहाने कंपन्यांचे भागभांडवल घेऊन त्या बदल्यात जाहिरात देण्याचे करार सुरू केले. ज्या कंपनीचे शेअर आपल्या तिजोरीत, तिच्याबद्दलच आपल्या अर्थविषयक पानावर बातम्या! भांडवली बाजाराच्या नियामकाला 2010मध्ये सांगावे लागले की अशा बातमीसोबत निदान आपला हिस्सा किती ते छापा.

मराठीत हे वेगळ्या अंगाने आले. जिल्हा आवृत्त्या वाढल्या, आवृत्तीला तालुक्यातालुक्यांत माणूस हवा झाला, पण पगारावर नको. मग वार्ताहर नेमला गेला तो मानधनावर, आणि मानधन नावापुरते. खरी मिळकत जाहिरातीच्या कमिशनची. वर्धापनदिनाची पुरवणी, दिवाळी, आमदारांचा वाढदिवस, प्रत्येकाचे टार्गेट ठरलेले. सकाळी ज्या साखर कारखान्याच्या सभेची बातमी लिहायची, दुपारी त्याच कारखान्याच्या अध्यक्षांकडे जाहिरातीचे पान मागायला जायचे. अशा माणसाला ‘अंतर ठेव’ असे सांगणे म्हणजे थट्टाच. शिवाय तो राहतो त्याच गावात. 2023च्या फेब्रुवारीत राजापूरच्या एका बातमीदाराला गाडीने धडक दिली गेली आणि त्यात त्याचा जीव गेला. त्याने ज्याच्याविरुद्ध बातमी लिहिली तोच त्या खुनाच्या प्रकरणातला आरोपी, आणि धडक बसली तो दिवसही बातमी छापून आली तोच. मुंबईत बसून तालुक्याच्या पत्रकारितेला नावे ठेवणाऱ्यांनी हेही धरून बोलावे.

जुन्या काळाकडे या संदर्भात उगाच भक्तिभावाने पाहिले जाते. एकोणिसाव्या शतकातले मराठी पत्र तटस्थ नव्हतेच, ते बाजू घेण्यासाठीच निघत असे. पण एक प्रसंग इथे लागू पडतो. 1882मध्ये पुण्याच्या दोन संपादकांना कोल्हापूरच्या दिवाणाच्या बदनामीबद्दल डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढावे लागले. शिक्षा चार महिन्यांची होती. महाराजांचा छळ होतो आहे या तळमळीने त्यांनी जी पत्रे छापली, ती बनावट निघाली. पैशाचा तिथे संबंधही नव्हता. बातमी देणाऱ्यावर विश्वास टाकला, कारण त्याची बाजू आपलीच वाटत होती. हौतात्म्याच्या कथेत बनावट पत्रांचा भाग सहसा दबक्या आवाजात सांगितला जातो.

आता पेड न्यूजची व्याख्या ज्यातून आली त्या निर्णयाकडे. 2009च्या लोकसभा निवडणुकीनंतर आंध्रातूनही अशाच तक्रारी आल्या होत्या. वृत्तपत्रांवर नैतिक देखरेख ठेवणाऱ्या वैधानिक परिषदेने, म्हणजे प्रेस कौन्सिलने, दोन सदस्यांची उपसमिती नेमली. ती शहरोशहरी फिरली, उमेदवार, पत्रकार, पक्षांचे लोक यांच्याशी बोलली आणि 2010च्या एप्रिलमध्ये तिने 71 पानांचा अहवाल दिला. त्यात वृत्तपत्रांची नावे होती. परिषदेत त्यावर वाद झाला. एका बाजूचे म्हणणे असे की आरोप बहुतेक तोंडी आहेत, पावत्या नाहीत, आणि पुराव्याविना नावे छापली तर परिषदेचीच पत जाईल. म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण ज्या व्यवहाराचा पायाच पावती न देण्यावर आहे, त्यात पावती मागणे म्हणजे चौकशी सुरू होण्याआधीच संपवणे. दुसरी बाजू म्हणत होती की नावे वगळली तर उरेल तो उपदेश.

अखेर मसुदा समिती बसली. 30 जुलै 2010ला परिषदेने बराच छोटा अहवाल स्वीकारला, आणि 71 पानांचा मूळ दस्तऐवज परिशिष्ट म्हणूनही जोडायचा नाही असे बहुमताने ठरले. तो ‘संदर्भासाठी’ दप्तरी राहील. कायद्यानुसार या परिषदेत अध्यक्षांखेरीज 28 सदस्य असतात, त्यात मालक-व्यवस्थापनाचे प्रतिनिधी सहाच. म्हणजे ठराव मालकांच्या एकट्याच्या मतांवर झाला असे म्हणता येत नाही. पत्रकार आणि इतर सदस्यांतलेही काही त्या बाजूला असल्याशिवाय बहुमत होत नाही. हे मला त्या निर्णयातले सर्वांत अस्वस्थ करणारे गणित वाटते. परिषदेने ज्यांच्यावर लक्ष ठेवायचे, त्यांच्याच घरातले लोक तिच्यात बसलेले. पत्रकाराने बातमीच्या विषयापासून अंतर राखावे, हे सांगणाऱ्या संस्थेला स्वतःपुरते ते अंतर राखता आले नाही. मूळ अहवाल लोकांपुढे आला तो 2011मध्ये, माहिती अधिकाराखाली दाद मागितली गेली आणि आयुक्तांनी तो जाहीर करण्याचा आदेश दिला तेव्हा. तोवर चर्चा थंडावली होती.

छोट्या अहवालातून टिकली ती व्याख्या. कोणत्याही माध्यमात रोख किंवा वस्तुरूप मोबदल्यात आलेली बातमी वा विश्लेषण म्हणजे पेड न्यूज. निवडणूक आयोगाने तीच उचलली, जिल्हा आणि राज्य पातळीवर समित्या बसवल्या. पण ‘वस्तुरूप’ हा शब्द कागदावरच राहिला. समित्या मजकुराची जागा मोजतात, सरकारी जाहिरातदराने तिची किंमत काढतात आणि ती उमेदवाराच्या खर्चात धरतात. मोजता येते ते सेंटिमीटर. मुख्यमंत्र्यांच्या कोट्यातले घर, परदेश दौऱ्यात मिळालेली जागा, संपादकाला मिळालेली विधान परिषद किंवा राज्यसभा यांना सेंटिमीटरचे माप लागत नाही. म्हाडाच्या सोडतीत पत्रकारांसाठी अडीच टक्के घरे राखीव, आमदार-खासदारांसाठी दोन टक्के. अधिस्वीकृतीधारक, म्हणजे सरकारमान्य, पत्रकाराला एसटीचा प्रवास मोफत. ज्येष्ठ पत्रकारांसाठी राज्याची सन्मान योजना आहे आणि तिला मराठीतल्या पहिल्या वृत्तपत्राच्या संपादकाचे नाव दिलेले आहे. यातले काही गरजेपोटी आले हे खरे. वेतन आयोग कागदावर आणि कंत्राट हातात, अशा अवस्थेत साठीनंतर पत्रकाराने जायचे कुठे? तरी देणारा तोच, ज्याच्याबद्दल लिहायचे असते.

न्यायालयांत व्याख्येची दुसरी कड उघडी पडली. उत्तर प्रदेशातल्या बिसौलीच्या आमदार 2011मध्ये तीन वर्षांसाठी अपात्र ठरल्या, 21,250 रुपयांचा छापील मजकूर खर्चात न दाखवल्याबद्दल. सुरुवातीला सांगितलेल्या महाराष्ट्राच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014च्या मेमध्ये आयोगाला खर्चाच्या हिशेबाची चौकशी करण्याचा अधिकार आहे असे सांगितले, आयोगाने जुलैत माजी मुख्यमंत्र्यांना नोटीस काढली, आणि सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली. मुद्दा साधा होता. खर्च उमेदवाराने केला किंवा त्याच्या संमतीने झाला हे दाखवावे लागते. मध्य प्रदेशातल्या एका मंत्र्यांची 2017ची अपात्रताही पुढच्या वर्षी याच न्यायालयात टिकली नाही. पेड न्यूज हा निवडणूक गुन्हा करावा ही विधी आयोगाची 2015ची शिफारस तशीच पडून आहे. या सगळ्या खटल्यांत आरोपीच्या जागी उमेदवार असतो. ज्याने जागा विकली ते वृत्तपत्र फार तर परिषदेकडे जाते, आणि 1978च्या कायद्याने परिषदेच्या हाती ताकीद आणि निषेध यापलीकडे काही नाही.

2023च्या सप्टेंबरात राज्यातल्या एका सत्ताधारी पक्षाच्या प्रदेशाध्यक्षांचे कार्यकर्त्यांसमोरचे बोलणे बाहेर आले. निवडणुकीपर्यंत आपल्याविरुद्ध काही छापून येऊ नये म्हणून पत्रकारांना चहाला बोलवा, ढाब्यावर न्या, असा सल्ला होता. दोन-चार दिवस गदारोळ झाला, पत्रकार संघटनांनी निषेध केला. ढाब्यावरचे जेवण वस्तुरूप मोबदल्यात बसते का, हे कुठल्याच समितीपुढे गेले नाही. त्या वेळी निवडणूक जाहीर झालेली नव्हती, त्यामुळे समित्याही बसलेल्या नव्हत्या.