खासगीपणा आणि गोपनीयता: शाळेच्या आरोग्य कक्षात या दोन गोष्टी वेगळ्या का धरायच्या

शाळेत आरोग्य कक्ष आहे, ठरलेल्या दिवशी नर्स येते, औषधांचं कपाट भरलेलं आहे. तरी वयात येणारी मुलंमुली तिकडे जातात ती गुडघा फुटला किंवा डोकं दुखलं तरच. पाळीचा त्रास, झोप उडणं, तंबाखू, नात्यातला गोंधळ, स्वतःला इजा करून घेण्याचे विचार यांतलं काहीच त्या खोलीत पोहोचत नाही. 'या वयात मुलं लाजतात' असं म्हणून विषय संपवला जातो. लाज असतेच. पण मुलं त्याहून जास्त हिशेबी असतात. आपल्याला कोण बघेल आणि हे पुढे कुठे जाईल, हे दोन प्रश्न त्यांनी दाराशी येण्याआधीच सोडवलेले असतात.

पहिला प्रश्न खासगीपणाचा, दुसरा गोपनीयतेचा. खोलीत असताना मला कोण पाहतं, माझं बोलणं कुणाच्या कानावर पडतं, हा झाला खासगीपणा. तो दार, पडदा, खुर्चीची जागा आणि वेळापत्रक यांवर अवलंबून असतो. गोपनीयतेचा संबंध मी सांगितलेलं नंतर कुणाकुणाला कळतं याच्याशी आहे, आणि ती माणसं, नोंदवह्या आणि नियम सांभाळतात. जागतिक आरोग्य संघटना आणि यूएनएड्स (एचआयव्ही-एड्सवर काम करणारा संयुक्त राष्ट्रांचा कार्यक्रम) यांनी २०१५ साली किशोरवयीनांच्या आरोग्यसेवेसाठी आठ मानकं दिली. त्यांतल्या पाचव्या मानकात या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी येतात. तपासणीच्या यादीत मग त्यांना एकच चौकट मिळते, नवा पडदा दिसला की तिथे बरोबरची खूण होते, आणि नोंदवही कुणाच्या टेबलावर उघडी पडते हे कुणी विचारत नाही.

एक सांभाळलं म्हणून दुसरं आपोआप सांभाळलं जात नाही. खोलीबाहेर शब्द जात नसेल, पण नर्स शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना 'त्या मुलीकडे जरा लक्ष ठेवा' म्हणाली, तर खासगीपणा पूर्ण आणि गोपनीयता शून्य. याउलट नर्सच्या तोंडून कधी अक्षर फुटत नाही, पण खोली मुख्याध्यापकांच्या कार्यालयासमोर आहे आणि रांग व्हरांड्यात लागते. इथे गोपनीयता पक्की आहे, तरी आत गेलेल्याचं नाव मधल्या सुट्टीपर्यंत वर्गभर झालेलं असतं.

खासगीपणाची परीक्षा सोपी आहे, साधनं लागत नाहीत. एकाने विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसून नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्र वाचावं, दुसऱ्याने रांग जिथे लागते तिथे उभं राहावं. नुसती कुजबुज ऐकू आली तर चालेल, शब्द कळले तर खोली नापास. ही चाचणी तास चालू असताना घ्यायची. सुट्टीच्या गलक्यात कुठलीही खोली पास होते. व्हरांडा शांत असतो तेव्हाच शब्द लांब जातात. आवाज बहुतेक वेळा दाराखालच्या फटीतून, वरच्या झरोक्यातून किंवा छतापर्यंत न पोहोचणाऱ्या पार्टिशनवरून निसटतो. दाराखाली रबरी पट्टी लावली की बराच फरक पडतो. जाड पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज फारसा अडत नाही. हा सगळ्यात सर्रास होणारा वायफळ खर्च आहे. पार्टिशन वाढवणं जमत नसेल तर रांगच तीन-चार मीटर मागे न्यावी आणि दाराबाहेर एखादा पंखा चालू ठेवावा. पंखा आत ठेवला तर बोलणारा आवाज चढवतो आणि केलेलं वाया जातं.

दाराला काचेची चौकट हवी, असा नियम अनेक शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी असतो, आणि तो योग्यच आहे. काच झाकू नये, खुर्च्या फिरवाव्यात: बाहेरून मोठी व्यक्ती दिसावी, विद्यार्थ्याचा चेहरा दिसू नये. शारीरिक तपासणी असेल तर पडद्याआड, आधी काय करणार ते सांगून आणि संमती घेऊन. दुसरी प्रौढ व्यक्ती हजर ठेवायची असेल तर कोण हवं हे विद्यार्थ्यालाच विचारावं. वर्गशिक्षिकेला उभं केलं तर सुरक्षितता मिळते, पण गोपनीयतेत एक भागीदार वाढतो. उंची-वजन घेताना आकडे मोठ्याने पुकारून दुसऱ्याकडून लिहून घेण्याची सवय तर आजच बंद करावी. ज्याला स्वतःच्या शरीराची आधीच लाज वाटते, तो त्या दिवशी ठरवून गैरहजर राहतो.

वेळही खासगीपणाचाच भाग आहे. 'समुपदेशनाचा तास, बुधवारी' अशी पाटी लावली की बुधवारी जाणारा प्रत्येक जण ओळखला जातो. मुरुमांपासून मनाच्या त्रासापर्यंत सगळ्यांसाठी एकच खुली वेळ ठेवली, तर कोण कशासाठी आलं हे बघणाऱ्याला कळत नाही. खोली फार कोपऱ्यात नेऊनही उपयोग नसतो. त्या कोपऱ्याकडे वळणं हीच मग जाहिरात होते. ग्रंथालयासारख्या रोजच्या वर्दळीच्या वाटेवरची खोली जास्त आडोसा देते.

गोपनीयता डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तिची परीक्षा वेगळी. एक काल्पनिक भेट घ्या आणि तिचा कागद कुठे कुठे फिरतो ते बघा. तासातून उठताना शिक्षकांना चिठ्ठी दाखवावी लागते. तिच्यावर कारण लिहिलेलं असतं का? वेळ आणि सही पुरेशी आहे. नर्सकडच्या नोंदवहीत एका पानावर वीस नावं आणि त्यांच्यासमोर तक्रारी असतील, तर एकविसावा विद्यार्थी नाव लिहिताना वीस जणांची दुखणी वाचतो. येण्याची नोंद एका वहीत आणि आजाराची दुसऱ्या, कुलूपबंद वहीत ठेवली की हे थांबतं. संगणकाचा पासवर्ड कार्यालयात सगळ्यांना माहीत असतो का? घरी जाणाऱ्या संदेशात किंवा आरोग्य पत्रिकेत काय लिहिलेलं असतं? फाटक्या चिठ्ठ्या आणि तपासणीच्या संचाची वेष्टनं कुठल्या कचरापेटीत पडतात? खोलीत मदतीला मोठ्या वर्गातले विद्यार्थी बसवले असतील तर वरचं सगळं नीट असूनही माहिती फुटते. दुभाषी म्हणून वर्गमित्राला बोलावण्याचंही तेच.

शिक्षकांना काहीच सांगायचं नाही, असा याचा अर्थ नाही. कामापुरतं सांगायचं. 'दोन आठवडे पळायला लावू नका' एवढं क्रीडाशिक्षकांना पुरतं, निदान लागत नाही. दमा, अपस्मार, तीव्र ॲलर्जी यांत मात्र आसपासच्या प्रौढांना झटका ओळखता आला पाहिजे आणि औषध कुठे आहे ते माहीत पाहिजे; तिथे गप्प राहणंच धोक्याचं. अशा वेळी कुणाला काय सांगायचं ते विद्यार्थी आणि पालकांबरोबर बसून ठरवून लिहून ठेवावं. वर्गासमोर घोषणा करून नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. 'मी कुणालाही काहीही सांगणार नाही' हे वाक्य बोलायला सोपं आणि धोकादायक. जीवाला धोका, कुणाकडून होणारा अत्याचार, दुसऱ्याला गंभीर इजा होण्याची शक्यता यांत गप्प राहता येत नाही, आणि काय कळवणं बंधनकारक आहे ते त्या त्या ठिकाणचा कायदा ठरवतो. आधी पूर्ण वचन द्यायचं आणि मग मोडायचं, यापेक्षा सुरुवातीलाच मर्यादा सांगणं बरं: 'तू इथे जे बोलशील ते माझ्याकडेच राहतं. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका आहे किंवा कुणी तुला त्रास देतंय असं वाटलं, तर मला आणखी एखाद्याची मदत घ्यावी लागेल. तेव्हा कुणाला आणि काय सांगायचं ते आधी तुझ्याशी बोलेन.' हे नाजूक प्रश्न विचारण्यापूर्वी सांगायचं, उत्तर मिळाल्यावर नाही. नंतर सांगितलं तर मुलाला ते सापळ्यासारखं वाटतं. पालक सोबत असतील तर हेच त्यांच्यासमोर सांगून मग थोडा वेळ त्यांना बाहेर बसवावं. आधीपासूनची पद्धत म्हणून सगळ्यांनाच बाहेर बसवलं, तर कुणाच्या भुवया उंचावत नाहीत.

मर्यादा सांगितल्या तर मुलं बोलायचीच थांबतील, ही भीती अनेकांना वाटते. अमेरिकेत ५६२ किशोरवयीनांवर झालेला आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळं सांगतो. गोपनीयतेचं आश्वासन ऐकलेल्यांत लैंगिकता, व्यसनं आणि मानसिक त्रास यांबद्दल बोलायला तयार असणाऱ्यांचं प्रमाण ३९ वरून ४६.५ टक्क्यांवर गेलं, आणि पुन्हा येण्याची तयारी ५३ वरून ६७ टक्क्यांवर. ज्यांना मर्यादांसहित आश्वासन मिळालं तेही यात होते. संयुक्त राष्ट्रांच्या बाल हक्क समितीने २००३ साली स्पष्ट केलेलं तत्त्वही याच दिशेचं आहे: किशोरवयीनाची वैद्यकीय माहिती त्याच्या संमतीने किंवा प्रौढांच्या बाबतीत जे अपवाद लागू होतात त्याच परिस्थितीत उघड करता येते.

दोन्हींतल्या चुका दुरुस्त करण्याची रीतही निराळी. खासगीपणातली चूक मुलांना पहिल्याच दिवशी दिसते, आणि आठवडाभरात सुधारता येते: रांग हलवा, पट्टी लावा, वेळ बदला. गोपनीयतेतली चूक महिनोन्महिने कळतच नाही, आणि कळते तेव्हा एका विद्यार्थ्यापुरती राहत नाही. 'तिने ताईंना सांगितलं आणि घरी कळलं' ही गोष्ट पुढच्या तुकड्यांपर्यंत चालत जाते, नर्स बदलली तरी. म्हणून पैसे आणि वेळ अपुरे असतील तर आधी नोंदवही आणि चिठ्ठी सुधारा, पडदा नंतर घ्या.

माहिती फुटलीच तर ती नाकारू नये. ज्याची माहिती बाहेर गेली त्या विद्यार्थ्याला एकट्याला बोलावून काय, कुणाला आणि कसं कळलं ते सांगावं, माफी मागावी, यापुढे कुणाशी बोलायचं आहे ते त्यालाच निवडू द्यावं. पुढचं बोलणं नेहमीच्या नर्सशी नको असेल तर दुसरी सोय करावी. मग कागदाचा प्रवास पुन्हा तपासावा आणि ज्या टप्प्यावर तो फुटला तो टप्पाच काढून टाकावा. 'यापुढे काळजी घ्या' असं परिपत्रक काढून तो टप्पा तसाच ठेवला, तर तीच चूक नव्या माणसाकडून होते.