पार्श्वभूमी: हॅमस्टरचं खाणं, दात आणि पिंजऱ्याचे गज

हॅमस्टर विकत घेताना दुकानदार दोन गोष्टी हमखास सांगतो. सूर्यफुलाच्या बिया घाला, आणि दात वाढत राहतात म्हणून कुरतडायला काहीतरी कठीण ठेवा. या सल्ल्यांची मुळं घरात नाहीत, प्रयोगशाळेत आहेत.

1930 साली सीरियात अलेप्पोजवळच्या गव्हाच्या शेतातून एक मादी आणि तिची पिल्लं बीळ खणून काढण्यात आली. काळा आजार ज्या परजीवींमुळे होतो त्यांच्या संशोधनासाठी जेरुसलेमला असे प्राणी हवे होते. पकडल्यावर मादीनं एका पिल्लाला चावून मारलं. उरलेली पिल्लं माणसांनी वाढवली, पण त्यातलीही काही पिंजऱ्याचा लाकडी तळ कुरतडून पळाली. मागे राहिलेल्या मोजक्या भावंडांपासून आजचे बहुतेक सगळे सोनेरी, म्हणजे सीरियन, हॅमस्टर आले. ते 1931 मध्ये ब्रिटनला आणि 1938 मध्ये अमेरिकेला पोचले, आणि महायुद्धानंतर घराघरात गेले. लाकूड टिकत नाही हे एकदा कळल्यावर पिंजरे धातूच्या जाळीचे झाले. आजचा कुरतडण्याचा प्रश्न बराचसा या जाळीनंच उभा केला आहे, पण त्याकडे नंतर येऊ.

खाण्याच्या बाबतीत प्रयोगशाळेला हवा होता सारखेपणा. दाण्यांच्या मिश्रणात प्रत्येक प्राणी वेगळं वेचून खातो, म्हणून सगळं दळून, दाबून एकसारख्या कांड्या करण्यात आल्या. उंदरांसाठी या कांड्या झाकणाच्या जाळीत ठेवत आणि प्राणी खालून कुरतडून खात. हॅमस्टरला हे जमेना. त्याचं तोंड रुंद असतं, त्यामुळे फट साधारण 11 मिलिमीटरहून अरुंद असली तर कांडी दिसते पण हाती लागत नाही. म्हणून अनेक ठिकाणी त्याचं खाद्य तळाशीच टाकावं लागलं. तिथे मलमूत्र लागतं अशी स्वच्छतेची बाजू बघणाऱ्यांची तक्रार होती. एरवी तो खाद्य कुठून तरी ओढून कोपऱ्यात नेतोच, मग तळाशी ठेवण्यात गैर काय, असं दुसऱ्या बाजूचं म्हणणं.

कांड्या की मिश्रण हा वाद तिथून घरात आला आणि अजून मिटलेला नाही. कांड्यांच्या बाजूनं सांगण्यासारखं खरोखर आहे. हॅमस्टर मिश्रणातल्या तेलबिया आधी उचलतो. सूर्यफुलाच्या बियांत चरबी भरपूर आणि कॅल्शियम फार थोडं, त्यामुळे त्यांवरच पोसलेला प्राणी गुबगुबीत दिसतो पण हाडं कमकुवत होतात. मात्र ही चूक मिश्रणाची कमी आणि वाटी भरण्याच्या पद्धतीची जास्त आहे. वाटी रिकामी झाली म्हणजे खाद्य संपलं, असं हॅमस्टरच्या बाबतीत कधीच नसतं. खांद्यापर्यंत पोचणाऱ्या गालाच्या पिशव्यांत भरून ते साठ्यात गेलेलं असतं. वाटी पाहून पुन्हा भरली की आवडीचे दाणे पोटात जातात आणि नावडते कोपऱ्यात पडून राहतात.

म्हणून माप वाटीचं नाही, दिवसाचं धरायचं. प्रौढ सीरियन हॅमस्टरला सुक्या खाद्याचे साधारण 10 ग्रॅम, बुटक्या जातींना त्याच्या निम्म्याच्या आसपास. प्रथिनं 16 ते 19 टक्के असावीत. कांड्यांचा पाया ठेवून वर ज्वारी, बाजरी, राळे असे बारीक दाणे पसरून टाकले तर हुडकण्याचं कामही मिळतं. सूर्यफुलाची बी दिवसाला एखादीच. बुटक्या जातींत मधुमेहाकडे कल असल्यानं फळं आणि गोड पदार्थ जवळपास बंदच. काकडी, कोथिंबीर नखाएवढी, आणि उरलेली काही तासांत काढून टाकायची. कोकणपट्टीच्या दमट हवेत साठ्यातला ओला तुकडा लगेच बुरशी धरतो. साठा तपासताना फक्त खराब झालेलं उचलावं. सगळाच साफ केला तर प्राणी अस्वस्थ होतो आणि नव्यानं भरणी सुरू करतो. खाद्य बदलायचं तर आठ-दहा दिवसांत, जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत. चिकट पदार्थ गालाच्या पिशवीत अडकतात, आणि कापसासारखं तंतुमय अंथरूणही. तंतू पायाला गुंडाळला तर रक्तपुरवठा थांबतो.

मक्याबद्दल इथे एक वेगळा संदर्भ द्यायला हवा, कारण आपल्याकडच्या स्वस्त मिश्रणांत तोच जास्त असतो. फ्रान्सच्या आल्सास भागात मोठ्या युरोपीय हॅमस्टरची संख्या घसरली आणि त्याचं एक कारण मक्याची एकपिकी शेती निघालं. 2017 च्या सुमाराला प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात मक्यावर ठेवलेल्या माद्यांनी आपली पिल्लं खाल्ली. मक्यात शरीराला वापरता येईल असं बी-3 जीवनसत्त्व कमी असतं, आणि ते खाद्यातून दिल्यावर हा प्रकार थांबला. तो प्राणी वेगळा आणि परिस्थितीही वेगळी. तरीही पुडक्यावरच्या घटकांत मका पहिला असेल तर ते पुडकं घेऊ नये.

आता दात. हॅमस्टरला सोळा दात. त्यांतले पुढचे चार आयुष्यभर वाढतात, दाढा वाढत नाहीत. पुढच्या दातांवर कठीण, पिवळसर थर फक्त समोरून असतो. मागची बाजू मऊ असल्यानं ती आधी झिजते आणि पटाशीसारखी धार आपोआप राहते. ही झीज मुख्यतः वरचे-खालचे दात एकमेकांवर घासण्यातून होते. त्यामुळे दगडी ठोकळा नसला की दात वाढून टाळूत घुसतात, ही समजूत पाया सोडून आहे. दात वाढतात ते जबड्याची जुळणी बिघडली तर. आणि ती बिघडण्याचं एक ठरावीक कारण म्हणजे गज चावून तुटलेला किंवा वाकलेला दात. खालचे दात वरच्यांच्या दुप्पट-तिप्पट लांब दिसतात, ते नैसर्गिक आहे. खाद्य तोंडातून पडणं, हनुवटी ओली राहणं, वजन घटणं ही खरी लक्षणं. नेलकटरनं दात कापला तर तो उभा चिरतो. हे काम पशुवैद्यानं घासणीच्या यंत्रानं करायचं.

लाकूड द्यावं, पण ते उद्योग म्हणून. पेरूची वाळलेली, फवारणी न झालेली फांदी किंवा घोसाळ्याची सुकी जाळी पुरते. देवदाराचा भुसा नको. त्याच्या वासाच्या द्रव्यांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या यकृताचं काम बदलतं, हे 1960 च्या दशकातच दिसलं होतं.

गज चावण्याचं कारण दातांची वाढ नाही, हे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका स्विस प्रयोगानं जवळपास दाखवून दिलं. 10, 40 आणि 80 सेंटिमीटर खोल अंथरूण असलेल्या पिंजऱ्यांत हॅमस्टर ठेवले. 10 सेंटिमीटरवाले गज सर्वांत जास्त चावत, आणि खोली वाढली तसं ते घटलं. ज्याला बीळ खणायचंय त्याला खणता येत नाही, एवढंच त्यातून निघतं. जर्मन भाषकांकडे त्यानंतर मोठे, खोल काचेचे पिंजरे रूढ झाले. आपल्याकडे क्रॉफर्ड मार्केटसारख्या बाजारांत अजून दोन इंच भुशाचा जाळीचा पिंजराच मिळतो, आणि 2018 चे प्राणीविक्री नियम दुकानाच्या दारापर्यंतच लागू आहेत. मोठा पिंजरा लगेच परवडत नसेल तर माशांच्या जुन्या टाकीत, वर हवेशीर जाळी लावून, निदान 20 ते 25 सेंटिमीटर दाबलेला कागदी चुरा भरावा. भिंतीला पाण्याची बाटली लटकवावी (दर 100 ग्रॅम वजनाला दिवसाला सुमारे 10 मिलिलिटर पाणी लागतं), आणि नळीतून थेंब येतो का हे रोज बोट लावून पाहावं.