तीन नोटिसा, एक वकील: आमच्या पक्षकारांसाठी माहितीपत्रक

(हे पत्रक कार्यालयात आलेल्या पक्षकारांच्या हाती देण्यापुरतं आहे. वकिलाने जाहिरात करू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. तेव्हा कृपया ते भिंतीवर चिकटवू नका आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर फॉरवर्डही करू नका.)

व्यापारी दावे, बँकेची प्रकरणं आणि प्रदूषण, हे सगळं तुम्हीच कसं बघता, असं नवीन पक्षकार हमखास विचारतात. उत्तरासाठी इचलकरंजीतलं एखादं प्रोसेस हाऊस (कापड धुण्या-रंगवण्याचा कारखाना) डोळ्यांसमोर आणा. परगावच्या व्यापाऱ्याने पेमेंट थकवलं, कॅश क्रेडिट (बँकेने खेळत्या भांडवलासाठी दिलेलं कर्ज) तटलं, हप्ते चुकले आणि थकबाकी 90 दिवसांवर गेल्यावर खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीतकडे झुकलेलं, झालं. खर्च आवळायला घेतला की मालकाचा हात आधी ईटीपीवर (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर) पडतो: केमिकल कमी, रात्री पाण्यात हवा सोडणारे ब्लोअर बंद. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी नमुना घेऊन जातात आणि मागोमाग उत्पादन बंदची नोटीस येते. बंद कारखान्यातून हप्ता निघणार कुठून?

अशा वेळी तीन वकिलांकडे तीन कागद गेले की घोळ होतो. बँकेला लिहिलं जातं, ‘कारखाना पूर्ण क्षमतेने चालू आहे, सवड द्या.’ मंडळाला लिहिलं जातं, ‘उत्पादन निम्म्यावर आणलं आहे.’ पुढे समोरचा वकील दोन्ही पत्रं एकाच अर्जाला जोडतो आणि मग आम्हाला बोलायला काही उरत नाही. म्हणून एक विनंती: कुठल्याही नोटिशीला परस्पर उत्तर देऊ नका, सीएने तयार करून दिलेलं असलं तरी.

या कामाचा वकील कसा तयार होतो

बारावीनंतर पाच वर्षं किंवा पदवीनंतर तीन वर्षं कायद्याचं शिक्षण, महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलची सनद (वकिलीचा परवाना), मग अखिल भारतीय बार परीक्षा. इथवर सगळे सारखेच. खरं शिक्षण सीनियरच्या हाताखाली होतं. आमच्याकडे ज्युनियरला सुरुवातीला युक्तिवाद मिळत नाही, खातेउतारा मिळतो. व्याजाची एकेक नोंद कर्जाच्या मंजुरीपत्राशी ताडून बघायची, दंडव्याज कुठल्या तारखेपासून लावलं ते शोधायचं. काम कंटाळवाणं आहे, पण बँकेच्या प्रकरणातला निम्मा बचाव तिथेच सापडतो.

प्रदूषणाच्या कामात आम्ही ज्युनियरला आधी प्लांटवर पाठवतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात न्यायिक सदस्याबरोबर तज्ज्ञ सदस्य बसतात आणि ते थेट सीओडी किती आला असं विचारतात (सीओडी आणि बीओडी ही सांडपाणी किती घाण आहे ते मोजायची मापं). नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम सीओडी आणि 30 मिलिग्रॅम बीओडी अशी आहे. मंडळाने दिलेल्या तुमच्या संमतीपत्रात वेगळा आकडा असेल तर तो धरायचा. कपड्याची बिलं तिन्ही पाळ्यांची आणि ईटीपीचं वीजमीटर जागचं हललेलं नाही, असं असेल तर कुठलाही वकील तुम्हाला वाचवू शकत नाही. ते मीटर आम्ही तुमच्याआधी बघून घेतो.

या क्षेत्रातले बरेच वकील बँकेच्या पॅनेलवर (बँकेने नेमलेल्या वकिलांच्या यादीत) काम करून पुढे येतात, आम्हीही आलो. म्हणून बँकेचं नाव पहिल्याच भेटीत सांगा. आमचं वकीलपत्र त्याच बँकेकडे असेल तर तुमचं काम आम्ही घेणार नाही.

बँकेची नोटीस

2002 च्या सरफेसी कायद्याच्या (कोर्टात न जाता तारण ताब्यात घ्यायचा हक्क बँकेला देणारा कायदा) कलम 13(2) ची नोटीस आली की 60 दिवस मिळतात. याच काळात हरकत लिहून द्यायची असते आणि बँकेला तिचं उत्तर 15 दिवसांत द्यावं लागतं. बहुतेक लोक मात्र मॅनेजर ओळखीचा आहे म्हणून गप्प बसतात आणि तारणाच्या ताब्याची नोटीस पेपरात छापून आल्यावर आमच्याकडे धावतात. तेव्हा कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज करायला 45 दिवस असतात. दिवाणी कोर्टातून मनाई आणू, असं कोणी सांगत असेल तर त्या भानगडीत पडू नका. या कायद्याने तो रस्ता बंद केला आहे.

सहकारी बँकेला हा कायदा लागू नाही, हेही अजून कट्ट्यावर ऐकू येतं. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने तो वाद मिटवला आणि खटला आपल्याच कागल तालुक्यातला होता: पांडुरंग गणपती चौगुले विरुद्ध विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक. सहकारी बँकांनाही कायदा लागू आहे. शेतजमीन मात्र त्यातून वगळली आहे. सातबारा आणि पीकपाहणी सोबत आणा.

थकलेलं येणं

तीन लाख किंवा त्याहून जास्त रकमेचा व्यापारी वाद व्यापारी न्यायालयात जातो. तातडीची मनाई नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. तुमच्यावर दावा झाला असेल तर 30 दिवसांत कैफियत (लेखी उत्तर) द्या. कोर्ट फार तर 120 दिवसांपर्यंत वाढवून देतं, त्यानंतर हक्कच जातो. चेक परत आला असेल तर बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली पाहिजे. परत आलेल्या चेकसोबतची बँकेची स्लिप फेकू नका.

मंडळाचा नमुना

अधिकारी पाण्याचा नमुना घेतात तेव्हा हजर राहा. त्याचे दोन भाग करून दोन्हींवर सील आणि सह्या घ्याव्यात, असं तिथल्या तिथे सांगा. 1974 च्या जल कायद्याने तो हक्क दिला आहे आणि तो जवळपास कोणीच वापरत नाही. बंदच्या आदेशाविरुद्ध हरित न्यायाधिकरणात अपील 30 दिवसांत करायचं असतं. सबळ कारण दाखवलं तर आणखी 60 दिवसांपर्यंत ते दाखल करून घेता येतं, पण तोवर वीज तोडलेली असते.

फी आणि तारखा

नोटीस पाकिटासकट आणा. पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्यावरून आम्ही मुदत मोजतो. ‘वसुलीच्या इतके टक्के घ्या’ असं म्हणू नका, निकालावर फी ठरवायला वकिलाला मनाई आहे. 2025 च्या ऑगस्टपासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्याने रिट याचिकेसाठी मुंबई गाठावी लागत नाही. कर्जवसुली आणि हरित ही दोन्ही न्यायाधिकरणं मात्र पुण्यातच आहेत. तिथल्या तारखेला स्वतः येणार असाल तर आदल्या संध्याकाळी आमच्या कारकुनाला फोन करून केस बोर्डावर लागली आहे का ते विचारा. न विचारता पहाटे निघालेले काही जण कात्रजवरून परत फिरलेले आहेत.