ब्रेव्हेची पूर्वतयारी

ब्रेव्हे : ठरलेले अंतर ठरलेल्या मुदतीत, मागे मदतीची गाडी न ठेवता, सायकलने पुरे करण्याचा क्लबांचा उपक्रम. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा असे क्रमांक लागत नाहीत. वेळेत आलेला आणि वेळेत न आलेला, एवढेच दोन निकाल. फ्रेंचमध्ये ब्रेव्हे म्हणजे प्रमाणपत्र आणि ते मिळवणारा तो राँदोनर. आपल्याकडचे सायकलस्वार मात्र ‘येत्या रविवारी बीआरएम आहे’ असेच बोलतात. ‘ब्रेव्हे द राँदोनर माँदियो’ या लांबलचक नावाची ती आद्याक्षरे. पॅरिसमधला ऑडॅक्स क्लब पारिझियाँ जगभरच्या बीआरएमना मान्यता देतो. भारतातली व्यवस्था ऑडॅक्स इंडिया राँदोनर्स पाहते आणि पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर अशा शहरांतले क्लब प्रत्यक्ष राइड भरवतात.

अंतरे ठरलेली आहेत. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४० आणि १००० ला ७५ तास. घड्याळ एकदा सुरू झाले की थांबत नाही. जेवण, झोप, पंक्चर, घाटातला फोटो, सगळे त्यातच. वाटेत कंट्रोल म्हणजे तपासणीचे ठिकाण असते आणि प्रत्येक कंट्रोलची उघडण्याची व बंद होण्याची वेळ आधीच छापलेली असते. २००, ३००, ४०० आणि ६०० ही चारही अंतरे एकाच हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर या काळात, पुरी करणाऱ्याला ‘सुपर राँदोनर’ म्हणतात. बोलीत नुसते ‘एसआर’.

या प्रथेचे मूळ इटलीत आहे. १८९७ मध्ये काही इटालियन सायकलस्वार एका दिवसाच्या उजेडात रोमहून नेपल्सला गेले, सुमारे २३० किलोमीटर. त्या धाडसावरून त्यांना ‘ऑडॅक्स’, म्हणजे धाडसी, हे नाव पडले. टूर द फ्रान्सचा जनक आंरी देग्रांज याने १९०४ मध्ये ही कल्पना फ्रान्सला आणली. तेव्हा सगळा जथा एकत्र, पुढच्या कप्तानाच्या गतीने चालत असे. १९२१ मध्ये ऑडॅक्स क्लब पारिझियाँ देग्रांजपासून वेगळा झाला आणि ज्याने त्याने आपल्या गतीने जावे, अशी मोकळीक देणाऱ्या ब्रेव्हे भरवू लागला. आजची बीआरएम त्या दुसऱ्या वळणाची. नाशिकहून दरवर्षी पंढरपूरला जाणारी सायकलवारी पाहिली असेल, तर दोन्हींतला फरक लगेच कळतो : वारीत दिंडी एकत्र चालते, ब्रेव्हेत पहिल्या घाटालाच माणसे पांगतात आणि पुढचे तास बहुधा एकट्याचे असतात.

या साऱ्याचा कळस म्हणजे पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस, सुमारे १,२०० किलोमीटर, कमाल ९० तास. १८९१ मध्ये ती व्यावसायिकांची शर्यत म्हणून सुरू झाली आणि शार्ल तेराँने ७१ तास २२ मिनिटांत जिंकली. शर्यत १९५१ नंतर बंद पडली, राँदोनरांची राइड मात्र टिकली. आता ती चार वर्षांनी एकदा होते. २०१९ आणि २०२३ मध्ये भारतातून शेकडो जण गेले. पात्रतेसाठी त्याच वर्षीची एसआर मालिका लागते. म्हणून पॅरिसची तयारी म्हणजे प्रत्यक्षात कात्रज, कसारा आणि खंबाटकीची तयारी.

वेळेचा हिशेब

नवखा माणूस ब्रेव्हेच्या तयारीला वेग वाढवण्यापासून सुरुवात करतो, आणि तिथेच चुकतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत म्हणजे थांब्यांसकट ताशी पंधराच्याही आत. सायकल चालू असताना ताशी २० ची गती असेल तर दहा तासांत अंतर संपते, साडेतीन तास हातात उरतात. गती १८ वर आली तरी सव्वा दोन तासांहून जास्त शिल्लक राहतात. मग माणसे कटऑफ, म्हणजे कंट्रोल बंद होण्याची वेळ, चुकवतात कुठे? ढाब्यावर. चहा सांगितला, त्यात पोहे आले, कोणी ओळखीचे भेटले, फोन चार्जिंगला लावला, बाटल्या भरायच्या राहिल्या म्हणून पुन्हा उठणे झाले. असा एक थांबा ४० मिनिटे खातो. ती ४० मिनिटे सायकलवर भरून काढायची तर पुढच्या १०० किलोमीटरला ताशी २० ऐवजी २३ चा वेग धरावा लागतो. दहा मिनिटांत बाटल्या भरून, हातात केळे घेऊन पुन्हा सीटवर बसणे त्याहून कितीतरी सोपे. पण याचा सराव कोणी करत नाही. रविवारच्या ग्रुप राइडला नाश्त्याला तास-तास बसायची सवय लागलेली असते आणि तीच सवय ब्रेव्हेत नडते.

म्हणून अनुभवी राँदोनर हँडलवर एक छोटी चिठ्ठी चिकटवतात : कंट्रोल, किलोमीटर, बंद होण्याची वेळ. सकाळी सहाला निघाल्यावर १०० किलोमीटरचा कंट्रोल दुपारी १२.४० ला बंद होतो. आपण ११ ला पोहोचलो तर १०० मिनिटे गाठीला. राइडर याला ‘बफर’ म्हणतात. पहिल्या शंभरात ओढाताण करून मोठा बफर कमावण्यापेक्षा तो शेवटपर्यंत हळूहळू खर्च होईल असे चालवणे शहाणपणाचे. उन्हाळ्यात मात्र हा नियम थोडा उलटतो, कारण अकरानंतर गती आपोआप पडते.

शरीर आणि सायकल

रविवारी ६०–७० किलोमीटर सहज करणाऱ्याला २०० साठी साधारण आठ ते दहा आठवडे पुरतात. आठवड्यात दोन-तीन वेळा तासाभराची राइड, रविवारची लांब राइड टप्प्याटप्प्याने ८०, १००, १२०, १५० पर्यंत, मधूनच एखादा हलका आठवडा आणि शेवटच्या आठवड्यात विश्रांती. आधी पूर्ण २०० करून पाहायची गरज नसते. २०० वरून ३०० वर जाताना दम फारसा वेगळा लागत नाही. पहिली रात्र लागते. सकाळी सहाला सुटलेल्या ३०० ची मुदत रात्री दोनला संपते. ४०० ची दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, आणि शनिवारी सकाळी निघालेली ६०० रविवारी रात्री दहाला.

लांब पल्ल्यात माणूस थकण्याआधी त्याचे सांधे बोलू लागतात. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. मागून दुखत असेल तर वर. करंगळी आणि अनामिका बधिर होणे हे तळहाताखालची नस दाबली गेल्याचे लक्षण; हात बदलत राहणे, हँडल थोडे उंच घेणे हे त्यावरचे उपाय. या तक्रारी ६० किलोमीटरला कळतच नाहीत, दीडशेनंतर कळतात. त्यामुळे नवी सीट, नवे बूट, नवी शॉर्ट्स यांतले काहीही ब्रेव्हेच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नये. पॅड असलेल्या शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचे नसते, हे नवख्यांना कोणी संकोचाने सांगत नाही आणि मग शिवणीने कातडी सोलते. निघण्याआधी घर्षणाच्या जागी पेट्रोलियम जेली लावावी.

सायकल महागच हवी असे मुळीच नाही. घाटात बसून चढता येईल असा हलका गिअर आणि २८–३२ मिलिमीटर रुंदीचे टायर असले की साधी सायकलही एसआर करून देते. बारीक टायरवर आपल्या रस्त्यांचे साइड शोल्डर, म्हणजे कडेचे पट्टे, फार सोसावे लागतात.

महामार्गावरची पंक्चर ही वेगळी विद्या आहे. ट्रकचे फाटलेले टायर रस्त्याच्या कडेला पडतात, त्यांतल्या केसासारख्या पोलादी तारा सुट्या होतात आणि सायकल नेमकी त्याच कडेने चालते. ही तार टायरमध्ये घुसते आणि बाहेरून दिसत नाही. माणूस ट्यूब बदलतो, हवा भरतो, चार किलोमीटरवर चाक पुन्हा बसते. दोष नव्या ट्यूबचा नसतो. जुनी तार तिथेच असते. म्हणून चाक उघडल्यावर आधी जुन्या ट्यूबमध्ये हवा भरून भोक शोधावे, व्हॉल्व्हपासून ते किती अंतरावर आहे ते टायरवर मोजावे आणि टायरच्या आतून त्या भागावर रुमाल फिरवावा. तार रुमालाचा धागा पकडते, बोटाला मात्र टोचते. मग चिमट्याने ती आतल्या बाजूने ओढून काढायची. हे काम रात्री, डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात, शेजारून कंटेनर जात असताना करावे लागते. त्यामुळे घरी दिवे मालवून एकदा तरी करून पाहावे. बिल्डिंगचे पार्किंग त्याला पुरते. दोन ट्यूब, पॅच, टायर काढायचा लिव्हर, पंप आणि तो चिमटा सोबत हवाच. प्रेस्टा म्हणजे बारीक तोंडाचा व्हॉल्व्ह असेल तर एक छोटा पितळी अडॅप्टरही ठेवावा, नाहीतर गावच्या पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर असूनही हवा भरता येत नाही.

खाणे-पिणे

स्नायूंतला साखरेचा साठा दोन-तीन तासांत उतरू लागतो आणि संपला की पाय चालेनासे होतात. यावर उपाय एकच : भूक लागण्याआधी, दर तासाला थोडे खाणे. ताशी ६० ग्रॅमच्या आसपास पिष्टमय पदार्थ बहुतेकांना झेपतात. दोन मोठी केळी आणि चिक्कीचा एक तुकडा म्हणजे साधारण तेवढे. एनर्जी जेल आणि एनर्जी बार विकत मिळतात, पण राजगिऱ्याचा लाडू, खजूर, मीठ लावून उकडलेले बटाटे खिशात ठेवून अनेकांनी एसआर केली आहे. जेवणाला दहीभात सर्वांत निर्धोक. मिसळ ही राइड संपल्यावरची गोष्ट. तर्री पोटात घेऊन खंबाटकी चढणाऱ्याची अवस्था बघवत नाही.

पाण्याबाबत उलटी चूकही होते. घामातून मीठ जात असताना नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातले सोडियम उतरते. डोके दुखते, मळमळते, माणूस गोंधळतो, आणि तो त्याला उन्हाचा त्रास समजून आणखी पाणी पितो. एका बाटलीत पाणी आणि दुसरीत ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबू, ही साधी वाटणी बरी. ढाब्यावरचे ताकही चालते.

रात्र

अंधार पडला की पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा, दोन्ही सायकललाच घट्ट बसवलेले, आणि अंगावर परावर्तक पट्ट्यांचे जॅकेट, हे नियमानेच लागते. भारतातल्या राइडला हेल्मेटही सक्तीचे. दिव्याची बॅटरी किती तास टिकते हे खोक्यावर वाचू नये, घरी लावून मोजावे. ती नेमकी पहाटे तीनला संपते.

पहाटे तीन ते पाच ही सर्वांत वाईट वेळ. शरीराचे तापमान तेव्हा नीचांकाला असते, डोळे उघडे ठेवून माणूस क्षणभर झोपतो, झाडांची माणसे दिसतात. अशा वेळी चालवत राहणे ही हिंमत नव्हे. पेट्रोल पंपाच्या कट्ट्यावर किंवा ढाब्याच्या बाजेवर वीस मिनिटे गजर लावून पडावे. पडण्याआधी चहा किंवा कॉफी घेतली तर उठेपर्यंत तिचा असर सुरू होतो. ६०० मध्ये ताशी २० ची गती धरली तर ३० तास चालवण्याचे, दहा बाकी सगळ्याचे. त्यांतले तीन-चार झोपेला मिळतात, आणि तेही वर सांगितलेला ढाब्याचा हिशेब सांभाळला तरच.

मदतीचे नियम

नातेवाईक, मित्र किंवा गाडी यांची मदत फक्त कंट्रोलवर घेता येते. दोन कंट्रोलच्या मध्ये मागून येणारी गाडी चालत नाही. राइडरने राइडरला मदत करायला मात्र पूर्ण मुभा आहे. अनोळखी माणसाला ट्यूब देऊन पुढे जाणे यात नित्याचे. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, हे उदाहरण लोक अनेकदा ब्रेव्हेच्या संदर्भात देतात. ती पराक्रमाची गोष्ट खरी, पण ती शर्यत आहे, तिथे मागे गाड्या आणि पथक असते. तिची तयारी वेगळ्या जातीची.

ब्रेव्हे कार्ड

सुरुवातीला प्रत्येकाला एक घडीचे कार्ड मिळते. कंट्रोलवर त्यावर वेळ, सही, शिक्का घ्यायचा. कार्ड हरवले तर अंतर पुरे करूनही राइड मोजली जात नाही. आपल्याकडे दूरच्या कंट्रोलवर स्वयंसेवक नसला तर एटीएमची पावती पुरावा म्हणून घेण्याची पद्धत पडली आहे, कारण तिच्यावर ठिकाण, तारीख आणि वेळ छापून येते. मशीनमध्ये कागद नसेल तर शेजारच्या पंपाचे किंवा हॉटेलचे बिल. हे सगळे झिपच्या प्लास्टिक पिशवीत, जर्सीच्या मधल्या खिशात ठेवावे. पावतीचा तो गुळगुळीत कागद उष्णतेने काळवंडतो आणि घामाने पुसट होतो. म्हणून ती हातात पडताच आधी फोटो काढतात आणि मगच घडी घालतात.