व्हँडरबिल्ट, हॅरल्ड स्टर्लिंग

(६ जुलै १८८४ – ४ जुलै १९७०). अमेरिकन रेल्वे-वित्तव्यवहारी, नौकाशर्यतपटू आणि कॉन्ट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळाच्या आधुनिक रूपाचे प्रवर्तक. त्यांचा जन्म न्यूयॉर्क राज्यातील ओकडेल येथे झाला. आगबोटी आणि रेल्वे यांतून अफाट संपत्ती उभी करणारे कॉर्नेलियस व्हँडरबिल्ट हे त्यांचे पणजोबा. हार्व्हर्डमध्ये पदवी व कायद्याचे शिक्षण घेतल्यावर ते घराण्याच्या ‘न्यूयॉर्क सेंट्रल’ या रेल्वे कंपनीत गेले. १९५४ मध्ये भागधारकांच्या मतदानात रॉबर्ट यंग यांनी कंपनी ताब्यात घेतली, तेव्हा तिच्यावरील या घराण्याचा प्रभाव संपला. मात्र त्यांचे नाव टिकले ते पत्त्यांमुळे आणि शिडाच्या नौकांमुळे.

कॉन्ट्रॅक्ट ब्रिजच्या आधी रूढ असलेल्या ऑक्शन ब्रिजमध्ये दोनची बोली (किती हात जिंकू, याची आगाऊ घोषणा) करून चारचे हात केले, तरी चारांचेही गुण गेमकडे, म्हणजे डाव जिंकण्यासाठी ठरलेल्या गुणसंख्येकडे, धरले जात. त्यामुळे जास्त बोलण्यात शहाणपण नसे. बोललेल्या हातांचेच गुण गेमसाठी मोजण्याची कल्पना प्लाफाँ या फ्रेंच खेळात आधीपासून होती. १९२५ च्या शरद ऋतूत पनामा कालव्यातून हवानाकडे निघालेल्या ‘फिनलंड’ या आगबोटीवर व्हँडरबिल्ट यांनी या कल्पनेला स्वतः आखलेल्या गुणतक्त्याची जोड दिली : बोलून केलेल्या स्लॅमला (सर्व किंवा एक सोडून सर्व हात जिंकण्याला) घसघशीत बक्षीस आणि एक गेम जिंकलेल्या जोडीला, बोली फसल्यास, जबर दंड. अशा जोडीसाठी ‘व्हल्नरेबल’ हा शब्द बोटीवरच्या एका तरुणीने सुचविला, असे सांगितले जाते. काही वर्षांतच ऑक्शन ब्रिज मागे पडला. जोरदार पाने असल्यास एक किलवरने बोली उघडण्याची पद्धतही त्यांचीच. आजच्या अनेक बोली-पद्धतींचे मूळ तिच्यात आहे. १९२८ मध्ये त्यांनी सांघिक स्पर्धेसाठी व्हँडरबिल्ट चषक दिला आणि १९३२ व १९४० मध्ये तो स्वतःच्या संघासह जिंकलाही.

नौकाशर्यतीतील अमेरिका चषकाचे त्यांनी तीनदा यशस्वी रक्षण केले. १९३० मध्ये ‘एंटरप्राइज’ने सर टॉमस लिप्टन यांच्या ‘शॅमरॉक ५’ला ४–० असे हरविले. १९३४ ची लढत मात्र अटीतटीची झाली. टॉमस सॉपविथ यांची ‘एंडेव्हर’ ही नौका सरस होती, असे आजही बहुतेक जाणकार मानतात, आणि पहिल्या दोन शर्यती तिनेच जिंकल्या. तिसरीतही ती पुढे असताना व्हँडरबिल्ट यांनी आपल्या ‘रेनबो’ नौकेचे सुकाणू शर्मन हॉइट यांच्या हाती दिले आणि ते खाली निघून गेले. सॉपविथ यांची सवय ओळखून असलेल्या हॉइट यांनी मुद्दामच नौका वारा येत होता त्या बाजूला गरजेपेक्षा जास्त वळविली; प्रतिस्पर्ध्याला आडवे जाण्याच्या मोहात ‘एंडेव्हर’ने दिशा बदलली, मंद वाऱ्यात तिचा वेग गेला आणि ‘रेनबो’ पुढे निघाली. ती मालिका अखेर ४–२ अशी सुटली. आपल्या नावावरच्या विजयाचे निर्णायक क्षण दुसऱ्याच्या हाती सोपविणे, हा गुण श्रीमंत हौशी खेळाडूंत विरळाच. १९३७ मध्ये ‘रेंजर’ने ‘एंडेव्हर २’ला चारही शर्यतींत हरविले, मंदीच्या त्या काळात ‘रेंजर’चा खर्च त्यांनी एकट्याने उचलला होता.

दोन नौका एकमेकींच्या वाटेत आल्यास वाट कोणी द्यायची, याविषयीचे शर्यतींचे नियमही त्यांनी अनेक वर्षे खपून नव्याने लिहिले. गुणतक्ता असो वा हे नियम, त्यांत वकिली शिस्त स्पष्ट दिसते. पणजोबांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद त्यांनी १९५५ ते १९६८ या काळात सांभाळले. ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट येथे त्यांचे निधन झाले.