अरबी लिपीचे टंकलेखन

अरबी लिपी उजवीकडून डावीकडे, अक्षराला अक्षर जोडून लिहितात. छापतानाही ती सुटी करत नाहीत. त्यामुळे २८ पैकी बहुतेक अक्षरांना चार रूपे आहेत : एकटे, आरंभीचे, मधले आणि शेवटचे. एकटा ‘बे’ (नावे उर्दू वळणाची) पसरट होडीसारखा, खाली एक नुक्ता, म्हणजे टिंब. आरंभी आला की त्याचा नुसता दात उरतो. उर्दूत त्याला शोशा म्हणतात. मधला ‘ऐन’ तर नवख्याला ओळखूच येत नाही. अलिफ, दाल, झाल, रे, झे आणि वाव ही सहा अक्षरे पुढच्याशी जोडली जात नाहीत, म्हणून त्यांच्यानंतरचे अक्षर शब्दाच्या मधोमध असले तरी मागे न जोडलेलेच रूप घेते. रूप ठरते ते शेजाऱ्यांवरून.

टंकयंत्रात एवढ्या रूपांना जागा नव्हती. बऱ्याच यंत्रांवर चारांची दोन केली गेली. काम भागले, लिपीचे वळण मात्र गेले.

संगणकावर एका अक्षराला एकच कळ असते. युनिकोड या संगणकाच्या अक्षरसंकेतात साठते ते अक्षर. रूप निवडण्याचे काम फाँट आणि त्यामागची आज्ञावली दाखवतेवेळी करते. म्हणूनच शेवटचे अक्षर खोडले की आधीचे आपोआप बदलते. ही सोय नसलेल्या आज्ञावलीत अक्षरे सुटी आणि उलट्या क्रमाने उमटतात. असे फलक आजही दिसतात, आणि वाचणारा कपाळाला हात लावतो.

उर्दूची नस्तालिक शैली याहून अवघड, कारण तीत शब्द उतरत्या रेषेत झुकतो. सुलेखनकार मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडाकृती (एकत्र जोडलेल्या अक्षरांच्या आकृती) हाताने रेखून नूरी नस्तालिक सिद्ध केली. १९८१ मध्ये लाहोरचे ‘जंग’ हे उर्दू दैनिक तिच्यात छापले जाऊ लागले. दिल्लीत तयार झालेल्या ‘इनपेज’ या उर्दू पानमांडणीच्या आज्ञावलीमुळे ती भारतात पसरली आणि मुंबईच्या उर्दू दैनिकांतली कातिबांची, म्हणजे हाताने मजकूर लिहिणाऱ्यांची, बैठक उठली.

फारसीत ‘किताबहा’ (पुस्तके) यासारख्या शब्दात ‘बे’ पुढच्या ‘हे’ला चिकटू नये म्हणून मध्ये न दिसणारे, जोड तोडणारे चिन्ह घालतात. इराणी त्याला नीम-फासिला, म्हणजे अर्धे अंतर, म्हणतात. त्याचेच भावंड असलेले अदृश्य जोडचिन्ह मराठीतही लागते : ‘दऱ्या’तला आडवा र काही जण र, हलन्त (पाय मोडण्याचे चिन्ह) आणि हे चिन्ह देऊन टंकतात, काही जण नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन. दिसायला दोन्ही एकच, पण साध्या शोधात एक टंकले तर दुसरे सापडत नाही.