कोपर वाकले, पण किती बळाने?

दुचाकीच्या अपघातात खांदा एकीकडे आणि मान दुसरीकडे जोराने ताणली गेली, तर मानेतून हाताकडे जाणारे मज्जातंतूंचे जाळे, म्हणजेच ब्रेकियल प्लेक्सस, ताणले जाते, फाटते किंवा मज्जारज्जूपासून मुळासकट उपटले जाते. भारतात या दुखापतीच्या रुग्णांमध्ये तरुण दुचाकीस्वार मोठ्या संख्येने असतात. जाळ्याचा वरचा भाग निकामी झाला की खांदा उचलत नाही, कोपर वाकत नाही आणि घास तोंडापर्यंत नेता येत नाही. शस्त्रक्रिया झाली, तरी मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर इतक्याच वेगाने वाढतो. त्यामुळे दंडाच्या बायसेप्स स्नायूत हालचाल दिसायला कित्येक महिने लागतात. ती दिसल्यावर परतलेली ताकद किती, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

सर्वाधिक वापरली जाणारी मोजणी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली आहे. जखमी सैनिकांच्या तपासणीसाठी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने ० ते ५ अशा श्रेणी रूढ केल्या. स्नायू अजिबात आकसत नसेल तर ०, नुसती थरथर जाणवली तर १. हाताचे वजन टेबलावर पेलून धरल्यावर कोपर वाकत असेल तर २, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वाकत असेल तर ३, तपासणाऱ्याने विरोध केला तरीही वाकत असेल तर ४ आणि पूर्ण ताकद असेल तर ५. कोणतेही उपकरण लागत नाही, खाटेजवळ दोन मिनिटांत तपासणी होते, आणि म्हणूनच ही पद्धत आजही टिकून आहे.

अडचण अशी की या पायऱ्या समान उंचीच्या नाहीत. ७० किलो वजनाच्या माणसाच्या कोपराखालच्या हाताचे आणि पंजाचे वजन मिळून सुमारे दीड किलो भरते. ते कोपरातून उचलण्यासाठी साधारण अडीच न्यूटन-मीटर इतके वळणबळ, म्हणजे सांध्याभोवती फिरवणारा जोर, पुरते, तर निरोगी तरुण पुरुषाचे कोपर ५० न्यूटन-मीटरहून अधिक जोर लावू शकते. म्हणजे श्रेणी ३ गाठणाऱ्या रुग्णाकडे मूळ ताकदीचा विसावा भागही नसू शकतो आणि उरलेला जवळजवळ सगळा पल्ला एकट्या श्रेणी ४ मध्ये कोंबलेला असतो. तळहातावर एक लिटर दुधाची पिशवी ठेवली, तरी कोपरावरचा भार दुपटीहून अधिक होतो. पिशवी जेमतेम पेलणारा आणि भरलेली बादली उचलणारा, अशा दोघांच्याही कागदावर ४ हाच आकडा लिहिला जातो. हा आकडा वाचून रुग्ण कामावर परतू शकेल की नाही हे ठरवणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून डायनॅमोमीटर, म्हणजे स्नायूचा जोर आकड्यात मोजणारे यंत्र, हवा. हातात मावणारे हे यंत्र मनगटाजवळ टेकवून रुग्णाला शक्य तितक्या जोराने कोपर वाकवायला सांगतात आणि तपासणारा ते जागचे हलू देत नाही. मात्र नुसते किलोचे आकडे फसवे असतात. तेच यंत्र कोपराच्या जवळ टेकवले तर आकडा वाढतो, कारण तरफेची लांबी कमी होते. त्यामुळे कोपरापासूनचे अंतर मोजून वळणबळ काढावे लागते. खांद्याची स्थिती, कोपराचा कोन आणि तळहात वर आहे की खाली, हेही दर वेळी तेच ठेवावे लागते. तीन प्रयत्न घेऊन दुसऱ्या, निरोगी हाताशी तुलना केली की टक्केवारी मिळते आणि पुढच्या भेटीतली सुधारणा त्यावरून पडताळता येते.

यंत्रही प्रत्येक गोष्ट सांगत नाही. बायसेप्स लुळा असतानाही रेडियल मज्जातंतूवर चालणारा ब्रेकिओरेडिअ‍ॅलिस हा स्नायू कोपर वाकवू शकतो, म्हणून मोजताना दंडावर बोटे ठेवून खरोखर कोणता स्नायू घट्ट होतो ते पाहावे लागते. शिवाय एकदाच जोर लावणे वेगळे आणि दिवसभर काम करणे वेगळे. नव्याने जोडला गेलेला स्नायू लवकर थकतो, त्यामुळे ठरावीक वजन किती वेळ पेलता येते किंवा किती वेळा उचलता येते याचीही नोंद उपयोगी पडते.

फ्रान्सचे शल्यविशारद क्रिस्तोफ ओबेर्लँ यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत, पंजाकडे जाणाऱ्या अल्नर मज्जातंतूतील काही तंतू बायसेप्सच्या मज्जातंतूला जोडतात. सुरुवातीला अशा रुग्णाला कोपर वाकवण्यासाठी मूठ आवळावी लागते. सरावाने मेंदू हे दोन आदेश वेगळे करायला शिकतो. म्हणून मूठ आवळून आणि पंजा सैल सोडून अशा दोन्ही स्थितींत कोपर तपासायला हवे. पंजाची पकड आणि चिमटीची ताकदही शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर मोजावी लागते, कारण कोपराला दिलेले तंतू पंजाच्या वाट्यातूनच घेतलेले असतात.